टाकीतली आत्या

आमचा थोरला इमारती बांधतो, आणि कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतीवर टकटक करतो. बोटाच्या पेरानं. आधी भिंत, मग फरशी, मग दाराची चौकट, आणि सगळं मनासारखं वाजलं की मग आपल्याकडे वळून, "कशी आहेस आई?" एकदा त्यानं नव्या इमारतीत इतक्या जोरात भिंत ठोकली, की त्या मजल्यावरच्या सगळ्या घरांतून माणसं दारं उघडून "कोण आहे, कोण आहे" करत बाहेर आली. आणि त्या घरांत तेव्हा अजून कोणी राहायलाच आलेलं नव्हतं. हसू नका. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा इस्त्री करते, इतकंच.

तर या थोरल्याची एक पद्धत आहे. इमारत बांधून झाली की विकायच्या आधी त्यात नातेवाईक भरायचे. बहीण, भाऊ, मेहुणी, मी, सगळ्यांनी आपापल्या घरांना कुलपं लावायची आणि काही आठवडे नव्या इमारतीत जाऊन राहायचं. मग एक दिवस खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून तो विचारतो, "बोला, खोट काय आहे?" त्याचं म्हणणं असं, की परका माणूस गळका नळ बघून मनात ठेवेल, सख्खी बहीण ठेवणार नाही. आणि आमच्या माणसांइतकी खोट काढणारी माणसं खरंच शोधून सापडायची नाहीत. मागच्या इमारतीत माझ्या लेकीला जिन्याची एक पायरी केसभर उंच वाटली. मोजली, तर निघाली की! एक केस. तिचाच होता, पायरीवर पडलेला.

या वेळची इमारत मात्र वेगळी होती. ती माझ्या नातीनं, म्हणजे थोरल्याच्या मुलीनं, बापाशी भांडून करून घेतली होती. तिला आम्ही ठिणगी म्हणतो. का ते तिच्याशी जरा वाद घातला की कळतं. गच्चीवर सोलर. खिडक्यांवर ऊन बघून आपोआप वर-खाली होणाऱ्या झडपा. अंघोळीचं, धुण्याचं पाणी गाळून, साफ करून वेगळ्या टाकीत साठवायचं आणि बागेला, बांधकामाला तेच वापरायचं. आणि छताला, नळांना, टाक्यांना, जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या बटणांसारखे सेन्सर. कुठल्या खोलीत माणूस आहे, कुठं हवा कोंदलीय, कुठं पाणी वाया जातंय, हे त्यांना कळतं. कळलं की ते एकमेकांना सांगतात, जमेल ते स्वतः करतात, आणि उरलेलं आपल्याला फोनवर सांगतात. थोडक्यात काय, आमच्या घरात जे काम इतकी वर्षं मी करत होते, ते आता बटणं करणार होती.

"घराला तोंड कशाला हवं?" थोरला म्हणायचा. "आपल्याकडे बोलणाऱ्यांची टंचाई आहे का?"

"बाबा, तुमच्या मागच्या इमारतीत टाकी भरून बागेत वाहत होती. सगळ्यांनी पाहिली. कोण बोललं?"

"मी भिंत वाजवून सांगतो आत काय चाललंय ते."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा? भिंतीनं स्वतःला वाजवून घ्यायचं?"

मी मध्ये पडले नाही. एवढी छान करमणूक फुकट चालली असताना कोण मध्ये पडतं?

शेवटी बापलेकीचं ठरलं. शेजारच्याच प्लॉटवर पुढची इमारत चढत होती. पहिल्या स्लॅबचं लोखंड बांधून तयार होतं. आता वायरींच्या नळ्या असतात ना, त्या काँक्रीट ओतायच्या आधी लोखंडात टाकाव्या लागतात. एकदा काँक्रीट पडलं की संपलं, मग बसा छत फोडत. थोरला म्हणाला, "नातेवाईक खूश असतील तर पुढच्या इमारतीत तुझ्या नळ्या टाकू. नसतील, तर इथली बटणंसुद्धा उतरवायची, आणि तू माझ्या ऑफिसात बसून टाइल्सचे रंग निवडायचे."

टाइल्सचे रंग! ज्या पोरीनं लहानपणी माझं घड्याळ उघडून आतली चाकं मोजली होती, तिला हा टाइल्सला बसवणार. ठिणगीनं बापाच्या हातात हात दिला खरा, पण तिचे कान लाल झाले होते.

सुरुवात इतकी वाईट झाली की विचारू नका. फोन सारखे टुणटुण करायचे, आणि मेसेज काय, तर "टी के झिरो वन, मर्यादेबाहेर." धाकटा, म्हणजे ठिणगीचा काका, म्हणाला, "ही टी के कोण बाई आहे, सारखी माझ्या मागे लागलीय. मी ब्लॉक केलं तिला." तो असा निवांत माणूस, की पुस्तक घेऊन खुर्चीत बसला की पापणीसुद्धा हलवत नाही. सेन्सरला वाटायचं खोली रिकामी आहे, आणि दिवा बंद. मग हा अंधारात एक हात वर करून हलवायचा, दिवा लागायचा, हात खाली. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं हा कोणाला तरी टाटा करतोय. समोरच्या इमारतीतली एक बाई त्याला रोज उलट टाटा करायला लागली होती.

मावशीनं, म्हणजे माझ्या सूनबाईच्या बहिणीनं, फोन उशीखाली कोंबून ठेवला. आणि आमची लेक, ठिणगीची आत्या, ती तर मला म्हणाली, "आई, मी दादाला सांगणार आहे. हे घर मला सुखानं रडूही देत नाही. मी रडले की हवा दमट झाली म्हणून पंखा सुरू होतो!"

त्या दुपारी ठिणगी माझ्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. चहा निवून त्यावर साय आलेली. "आजी, सगळं बरोबर चाललंय गं. यंत्र अगदी खरं सांगतंय. पण कोणी वाचतच नाही. वाचलंच नाही तर उपयोग काय? बाबा म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं."

"बघू," मी म्हटलं आणि चष्मा लावला. पडद्यावर नुसते आकडे आणि अक्षरं. "ही टी के बाई काय करते?"

"खालच्या टाकीवर लक्ष ठेवते. टाकीतून किती गेलं आणि घरांत किती पोचलं ते बघते. जरा कुठं थेंब जास्त गेला की बोंबा मारते."

"जरा काही झालं की हिचं पाणी पाणी. अगं, मग ही आपली आत्या नव्हे का?"

ठिणगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि तिनं ती अक्षरं पुसून तिथं लिहिलं: आत्या.

मग काय, आम्ही दोघी सुटलोच. हॉलमधली कोंदट हवा ओळखणारा सेन्सर म्हणजे मावशी. तिला बंद दाराआडूनसुद्धा हवेत काय आहे ते कळतं. जिन्यातले दिवे, कोणी आलं की जागे होणारे आणि गेलं की लगेच झोपणारे, ते काका. आणि गच्चीवरचं सोलर, ऊन असेल तर जोरात आणि जरा ढग आला की रुसून बसणारं, ते जावईबापू. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. मेसेजची भाषाही मीच सांगितली. मला त्यांची बोलणी पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन वाजले. "मावशी: हॉलमध्ये किती कोंदट झालंय गं बाई! खिडकी उघडा आधी."

मावशी स्वतः हॉलमध्येच होती. तिनं मेसेज वाचला, दोनदा वाचला, उठली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "अगदी बरोबर बोलते हो ही." जिन्यातून धाकटा ओरडला, "मी काय म्हणालो बघा! 'काका: इथं कोणी नाही, मी झोपतो.' अरे वा, माझ्यापेक्षा माझा दिवाच हुशार!" त्यानं लगेच त्या टी के बाईला पुन्हा आपल्या फोनवर घेतलं.

आत्या मात्र तणतणत माझ्याकडे आली. "मला टाकीत घातलंत? जमिनीखाली? आणि माझ्या नवऱ्याला गच्चीवर, उन्हात? ते वर, मी खाली! आई, तू माझा चांगला चाललेला संसार मोडलास!"

"अगं, पाण्याची मालकीण केलंय तुला."

"नको मला मालकी. नाव काढा."

पण नाव काढायला वेळ कोणाला होता? तोवर फोन वाजलाच. "आत्या: तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी नळ गळतोय. मला बघवत नाही." झालं! धाकट्यानं जिन्यातून आवाज दिला, "ताई, तिसऱ्या मजल्यावर रडतेयस का गं?" आत्याला ते कसं सहन व्हावं? पाना घेऊन गेली, नळ आवळून आली, आणि फोनकडे बघत उभी राहिली. "आत्या: आता कसं बरं वाटलं." ते वाचून ती हसली. गुपचूप हसली, पण मी पाहिलं.

त्यानंतर तिला वेडच लागलं. कोणी दात घासताना नळ सोडून ठेवला की ही दाराशी हजर. "माझं नाव खराब करू नका!" लोक पाणी जपायला लागले ते पाण्यासाठी नव्हे, आत्याच्या धाकानं. जावईबापू दुपारी खाली उतरून जाहीर करायचे, "आज अख्खी लिफ्ट मी ओढली." ज्या दिवशी ढग यायचे त्या दिवशी बिचारे सगळ्यांची माफी मागत फिरायचे. मावशी तर दर तासाला विचारायची, "मी काय म्हणाले?" आता फोन कोणाच्या उशीखाली नव्हते. हातातच होते.

ठिणगीच्या चेहऱ्यावर रंग आला. थोरला मात्र भिंती वाजवत फिरायचा आणि म्हणायचा, "खेळ आहे सगळा. खरी गरज पडेल तेव्हा बघू."

ती गरज पडली नेमकी बैठकीच्या आदल्या दिवशी. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. "आत्या: टाकीतून पाणी जातंय. घरांत पोचत नाहीये." थोड्या वेळानं, "आत्या: अजून जातंय. कोणी बघतंय का?" आणि मग, "आत्या: मला काही सुचेना. सगळं जाणार."

आत्या पाना घेऊन धावली. प्रत्येक घर, प्रत्येक नळ, प्रत्येक संडासाची टाकी बघून झाली. सगळं कोरडं ठाक. ठिणगी लॅपटॉप घेऊन मागे मागे. थोरला शेजारच्या प्लॉटवरून आला. त्यानं पाइप वाजवले, भिंती वाजवल्या, गुडघ्यावर बसून फरशी वाजवली.

"कुठंही ओल नाही," तो उठत म्हणाला. "तुझं यंत्र खोटं बोलतंय."

"बाबा, टाकीची पातळी खाली गेलीय."

"पातळी कोण सांगतं? तेच यंत्र ना? चोरालाच विचारायचं चोरी कुठं झाली?"

ठिणगीचं तोंड एवढंसं झालं. ती पुन्हा पुन्हा पडद्यावर बोट फिरवत होती. तिला काही सापडत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्या हॉलमध्ये बसणार होते. तेवढ्यात माझी लेक पुढे आली. हातात पाना, पदर खोचलेला.

"दादा, आत्या खोटं बोलत नाही."

"तू नाही गं. ते यंत्र."

"तेच म्हणतेय मी. इतके दिवस एकदा तरी खोटं बोलली का ती? उगाच तिच्यावर घसरू नकोस."

"म्हणजे आता बटणासाठी भावाशी भांडणार तू?" थोरला भडकला. भडकला की तो एकच काम करतो, लहानपणी मातीत पाणी ओतत बसायचा तसं. "तुम्ही शोधा तुमची गळती. मी चाललो कॉलमला पाणी मारायला."

आणि गेला तरातरा शेजारच्या प्लॉटवर. नवं काँक्रीट बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं, नाही तर तडे जातात. कॉलमला गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी मारायचं. ते काम थोरला कोणालाही देत नाही. हाताखाली एवढी माणसं, पण पाण्याची नळी याच्याच हातात. तिथं त्याचं डोकं शांत होतं.

तो गेला आणि इकडे फोन वाजले. "आत्या: पुन्हा जोरात जातंय!"

मी माझ्या लेकीकडे बघितलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी टाकीजवळच्या पंपाच्या खोलीकडे चालायला लागलो, मागून ठिणगी. खोलीच्या मागच्या बाजूला फळ्यांचा ढीग होता. ढिगाच्या आडून एक हिरवी रबरी नळी निघाली होती, कुंपणाच्या भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेलेली. आत्यानं ती उचलली. आत पाणी धावत होतं, हाताला कळत होतं. आम्ही नळी धरून निघालो. मी सांगते, ती नळी एवढी लांब होती की चालता चालता माझी एक डुलकी काढून झाली.

नळी संपली तिथं थोरला उभा होता. तोंडानं शीळ घालत, मजेत पाणी मारत.

आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्यानं एका हातानं काढून वाचला. "आत्या: दादा, जातंय रे!" आता 'दादा' हा शब्द ठिणगीनं त्यात कधी घातला ते मला माहीत नाही. मला विचाराल तर यंत्रानं ओळखलं.

थोरल्यानं फोनकडे पाहिलं. हातातल्या नळीकडे पाहिलं. मग हळूच नळीच्या तोंडावरची चावी बंद केली. आम्ही गोणपाट गुंडाळलेल्या कॉलमआड उभ्या. टुण. "आत्या: थांबलं. बरं झालं." त्यानं चावी उघडली. टुण. "आत्या: पुन्हा जातंय!" बंद. "थांबलं." उघडी. "जातंय!" अहो, माझा एवढा मोठा मुलगा, केस पिकलेला, आणि लहान पोरगं दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा उघड-बंद, उघड-बंद! अर्धीच उघडून बघितली, तर, "आत्या: जरा जरा जातंय." तेव्हा तर तो चक्क मोठ्यानं हसला.

"सापडला चोर," आत्या म्हणाली.

थोरला दचकला आणि नळी आमच्याकडेच वळली. आम्ही तिघी नखशिखांत भिजलो.

"अगं, ही नळी घरच्या टाकीला जोडलीय हे मी विसरलोच होतो," तो कसनुसा म्हणाला.

"बाबा, बांधकामासाठी मी वेगळी टाकी करून दिलीय ना? साफ केलेल्या पाण्याची? तपासून घेतलंय ते पाणी!"

"ते अंघोळीचं पाणी. माझ्या कॉलमला? मन होईना गं. म्हणून मुकादमाला म्हटलं घरच्या टाकीतून घे. आणि मग रोजचंच झालं."

"आजचं रोजचं नाही," ठिणगी केस पिळत म्हणाली. "इतके दिवस तुम्ही थोडं थोडं मारत होतात, ते मीच मोजणीतली चूक समजून यंत्राला सोडून द्यायला लावत होते. आज दुपारी तुम्ही जास्त मारलंत, आणि चिडल्यावर तर त्याहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले. दाराशी मुकादम उभा, डोक्यावर हेल्मेट. काँक्रीटच्या गाड्या बोलवायच्या होत्या, नळ्यांचं काय ते त्याला आधी कळायला हवं होतं. ठिणगी माझ्या शेजारी बसली होती आणि माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की आजतागायत ते थोडं बारीकच आहे.

"बोला," थोरला म्हणाला. "खोट काय आहे?"

कोणी बोलेना. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, पुस्तक वाचताना दिवा जातो, त्याचं काही करा."

"ते झालं, काका. कालच केलं," ठिणगी म्हणाली.

"अरेरे," धाकटा म्हणाला. "आता समोरच्या बाईला काय वाटेल?"

मावशी म्हणाली, "भावोजी, मला फक्त हॉल दिलाय. मला स्वयंपाकघराचीही हवा द्या. मी कमी पडणार नाही." जावईबापूंनी खोकून सांगितलं की पुढच्या इमारतीत गच्ची मोठी असावी. म्हणजे झाली का पंचाईत! खोट काढायला बसवलेली माणसं बढती मागायला लागली.

थोरल्यानं हात वर केला. "ठीक आहे. पण माझं ऐका. इथं तुम्ही आहात. आत्या बोलली की ऐकता, कारण तुमची आत्या आहे. पुढच्या इमारतीत परकी माणसं येणार. ती कशाला आपल्या आत्याचं ऐकतील? त्यांना पुन्हा टी के झिरो वनच दिसणार. ती माणसं तिला ब्लॉक करणार. मग नळ्या टाकून काय उपयोग?"

बरोबर होतं हो त्याचं. ठिणगीनं मान खाली घातली. मला तर माझ्याच मुलाचा राग यावा की कौतुक वाटावं ते कळेना.

"त्यांना नातेवाईक नसतात का?" मी म्हटलं.

ठिणगीनं झटकन मान वर केली. "नाव कोरं ठेवायचं! घरात आले की पहिल्या दिवशी ज्याचं त्यानं घालायचं. कोणाची आत्या, कोणाचा मामा, कोणाची सासू. बोलणीही ज्याची त्यानं सांगायची. मी तशी सोय करते, बाबा, अवघड नाही ते."

"आणि ज्याला कोणीच नसेल?" थोरल्यानं विचारलं. त्याचा आवाज आता बिल्डरचा नव्हता. एकटी राहणारी माणसं घर बघायला येतात ना, ती त्याला आठवली असणार. "म्हातारी, एकटी माणसं. ती कोणाचं नाव घालणार?"

आणि मग माझी लेक, जिला टाकीत घातलं म्हणून संसार मोडल्याचं दुःख झालं होतं, ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांना मी आहे ना. माझं नाव घालू देत. मी बघीन त्यांच्या नळांकडे."

तिच्या रडण्यानं छतातला पंखा सुरू झाला.

थोरल्यानं वर पंख्याकडे बघितलं, मग दाराकडे. "मुकादम, गाड्यांना उद्या यायला सांग. आज नळ्या टाकून घ्या. कुठं टाकायच्या ते ही सांगेल. आणि कॉलमचं पाणी त्या दुसऱ्या टाकीतून."

ठिणगी उठली, चपला न घालताच पळाली, अर्ध्या वाटेतून परत आली, चपला घातल्या, बापाच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली आणि पुन्हा पळाली. मी सज्जातून बघत होते. स्लॅबच्या लोखंडावर फळ्या टाकल्या होत्या. त्यांच्यावरून ती खडू घेऊन खुणा करत फिरत होती, आणि मुकादमाची माणसं तिच्या मागून नळ्या बांधत होती. दुपारी थोरलाही गेला तिथं. एका नळीशी वाकून त्यानं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं, त्याला पटलं नाही, तिनं पुन्हा सांगितलं. दोघांचे हात वाऱ्यावर. शेवटी त्यानं स्वतः खाली बसून ती नळी दोन बोटं सरकवली आणि तारेनं घट्ट बांधली.

त्या दिवशी ती पोरगी चालत नव्हती. फळ्यांच्या वीतभर वरून जात होती. विश्वास नसेल तर मुकादमाला विचारा, त्यानं तिला दोनदा ओरडून सांगितलं, "ताई, खाली उतरा, पडाल."